‘ओळखला नाही’ असं लिहायला शिकले

वर्षभर एकाच वाटेवर पक्षी पाहायचे, असं मी गेल्या सप्टेंबरात ठरवलं. वाट साधीच आहे. माळावरून निघते, ओढ्यावरची मोरी ओलांडते, तळ्याच्या काठाने बाभळींतून वळते आणि पुन्हा माळावर येते. अंतर अडीच किलोमीटर, थांबत थांबत गेलं की दीड तास. त्याआधी बरीच वर्षं मी सुट्ट्या साठवून लांबच्या पाणथळ जागा गाठत होते. रोहित म्हणजे फ्लेमिंगो पाहिले, चक्रवाक पाहिले, फोटोही ढीगभर काढले. पण ज्या माळावरून माझं रोजचं येणं-जाणं, तिथे दगडावर बसलेला पक्षी चंडोल की तीरचिमणी हे मला सांगता येत नव्हतं. ते मनाला लागून राहिलं होतं.

पहिल्या दिवशी वहीत अकरा नावं लागली. साळुंकी, होला, कोतवाल, वेडा राघू, टिटवी, ढोकरी अशी ओळखीची मंडळी. बाकीच्यांपुढे मी लिहिलं होतं, ‘छोटा, तपकिरी’. पुढचे दोन महिने वहीत याच शेऱ्याची गर्दी होती.

आधी दुर्बीण नीट केली. माझी ८×४२ ची आहे, म्हणजे आठपट जवळ दाखवणारी आणि पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची. चार वर्षं वापरत होते, पण उजव्या डोळ्याच्या भिंगाजवळची कडी कशासाठी असते ते कधी पाहिलंच नव्हतं. आपल्या दोन डोळ्यांत थोडा फरक असतो, तो त्या कडीने जुळवायचा. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करायचं, मग डावं झाकून फक्त ती कडी फिरवायची. एवढं केल्यावर वेड्या राघूच्या गळ्यावरची काळी रेघ अशी ठसठशीत दिसली की मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. दुसरी सवय लावून घेतली ती म्हणजे पक्ष्यावरची नजर न हटवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. दुर्बिणीतून पक्षी शोधायला गेलं की तो हमखास हातचा जातो.

मग एकेक पक्षी धरला. चंडोलाचा तुरा बसल्या जागीही दिसतो. तीरचिमणी सडसडीत, ताठ उभी राहणारी, तुरुतुरु पळून मध्येच थांबणारी आणि थांबली की शेपटी हलवणारी. डोंबारीने मला सगळ्यात जास्त दिवस अडवलं, कारण त्याची मादी जमिनीवर मातीसारखीच दिसते. मग एका सकाळी नर वर चढला, पंख मिटून दगडासारखा खाली आला, जमिनीच्या जरा वर सावरला आणि पुन्हा चढला. पोट काळं, डोकं राखाडी. त्याला डोंबारी का म्हणतात ते त्या एका मिनिटात समजलं. नंतर मादीही ओळखू यायला लागली, कारण ती कोणाच्या आसपास वावरते ते आता माहीत झालं होतं.

आवाजांसाठी फोनवरचं अ‍ॅप घेतलं. त्याचा उपयोग खूप झाला, तरी एक नियम केला. फोनने नाव सांगितलं म्हणून ते वहीत चढवायचं नाही, त्या आवाजाचा धनी दिसला तरच चढवायचं. कोतवाल शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची नक्कल करतो, हे मला या नियमामुळेच कळलं. फोन शिक्रा म्हणत होता आणि फांदीवर दुभंगलेल्या शेपटीचा काळाभोर कोतवाल बसला होता.

डिसेंबरपासून याद्या ईबर्ड या संकेतस्थळावर टाकायला लागले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने २००२ मध्ये ही नोंदपद्धत सुरू केली. निघायची वेळ, किती चाललो, किती मिनिटं लागली आणि कोणते पक्षी किती दिसले, एवढं भरायचं. शेवटी एक प्रश्न येतो, तुम्हाला ओळखता आले ते सगळे पक्षी यादीत आहेत का? मला आधी हा नुसता उपचार वाटला. विचार केल्यावर त्याचं वजन कळलं. मी सगळे लिहिले असतील तर जो पक्षी यादीत नाही, तो त्या दिवशी मला आढळला नाही ही देखील नोंद होते. पुढे एखादा पक्षी कमी होतोय का, हे अशा याद्यांवरूनच काढतात. म्हणून कावळा आणि साळुंकी गाळून चालत नाही. आणि प्रश्न ‘ओळखता आले ते’ असा आहे. न ओळखलेल्याला जबरदस्तीने नाव द्यायची गरज नाही.

मोजणं हे वेगळंच शिक्षण. जानेवारीत संध्याकाळी तळ्याकाठच्या बाभळींवर भोरड्या उतरायला लागल्या. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना मध्य आशियाच्या बाजूने येतात आणि हिवाळाभर राहतात. त्यांचा थवा आकाशात ताणतो, आखडतो, वळला की क्षणभर नाहीसा होतो. मी अंदाजाने तीनशे लिहिलं. फोटो काढला होता, तो घरी मोठा करून एकेका ठिपक्यावर खूण करत गेले. सातशे चाळीस भरल्या! तेव्हापासून आधी दहा पक्षी मोजते, ते दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरते आणि तेवढाच तुकडा थव्यावर पुढे पुढे ठेवत जाते. उडणाऱ्या थव्यात तरीही चुकते, पण निम्म्याहून अधिक पक्षी आता निसटत नाहीत.

माझी खरी चूक उन्हाळ्यात निघाली. मार्च ते मे या काळात मी चार वेळा शिक्रा लिहिला होता. चारही वेळा पाहिलं होतं ते असं की राखाडी पाठीचा, कबुतराएवढा पक्षी चारदोन पंख मारून तरंगत बाभळींतून गेला आणि बुलबुल, वटवटे कलकलाट करत उठले. शिक्राच, दुसरं काय! मेच्या शेवटच्या आठवड्यात तसाच एक पक्षी माझ्यासमोर फांदीवर उतरला. उतरताच त्याने शेपटी डावी-उजवीकडे झटकली. दुर्बीण लावली तर चोच शिकाऱ्याची नव्हती, टोकाला आकडा नव्हता. डोळ्याभोवती पिवळं कडं. शिक्र्याचे लांब पिवळे पाय उठून दिसतात, याचे पाय पिसांत लपलेले. आणि मग तो ओरडला. पेरते व्हा, पेरते व्हा, दर वेळी आधीपेक्षा चढ्या सुरात.

पावशा! आवाज मला लहानपणापासून ठाऊक, पण पक्षी कधी नीट पाहिलाच नव्हता. हा शिक्र्यासारखा दिसतो, उडतोही तसाच, आणि अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. शिकारी आला असं समजून छोटे पक्षी घाबरत होते ते उगाच नव्हतं, आणि मीही त्यांच्यासारखीच फसले होते.

घरी येऊन चारही नोंदी उघडल्या. एका नोंदीसोबत फोटो होता, त्यात पिवळं कडं स्पष्ट होतं. ती पावशा अशी दुरुस्त केली. दुसऱ्या एका नोंदीच्या टिपणात ‘लाल डोळा’ लिहिलेलं सापडलं, तो शिक्रा राहू दिला. उरलेल्या दोन वेळी मी फक्त उडताना पाठ पाहिली होती. यादीतून ती दोन नावं काढली आणि वहीत लिहिलं, ‘शिक्रा की पावशा, ओळखला नाही’. नावं काढताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्या दोन नोंदींवर माझाच विश्वास उरला नव्हता, मग दुसऱ्या कोणी का ठेवावा?

त्याच उन्हाळ्यात वाट थोडी बदलावी लागली. माळावर शेळ्या चारणाऱ्या आजोबांनी लांबूनच हात वर केला. “ताई, पुढं येऊ नका, टिटवीची अंडी हायेत तिथं.” मी पंधरा पावलांवर होते आणि मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. त्यांनी काठीने दिशा दाखवली, तिथे दुर्बीण लावली. खड्यांच्या वाटीत चार अंडी, निमुळती टोकं आत, रंग अगदी मातीचा, त्यावर काळे डाग. “तुम्हाला कशी दिसली?” मी विचारलं. “अंडी न्हाई दिसत. ती उठून कुठनं चालाय लागली, ते बघायचं.”

पुढचे चार आठवडे मी पन्नास पावलं बाहेरून वळसा घालत होते. एका दुपारी लांबच्या बाभळीखाली बसले. ऊन रणरणत होतं. टिटवी उठली, तळ्याकडे गेली, उथळ पाण्यात बसून पोट भिजवलं आणि ठिबकत्या पिसांनी परत येऊन अंड्यांवर बसली. उन्हाळ्यात या पक्ष्यांना अंडी नुसती उबवायची नसतात, तर गार ठेवायचीही असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात घरटं रिकामं होतं आणि जवळच्या गवतात दोन पिल्लं चिमटीएवढ्या अंगाने पळताना दिसली. बाकी दोघांचं काय झालं ते कळलं नाही. त्याच आठवड्यात त्या वर्षीचा पहिला चातक तारेवर दिसला.

पावसात चिखलामुळे फेऱ्या कमी झाल्या, पण तळ्यावरच्या सुगरणींसाठी मात्र चुकवलं नाही. पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींची वसाहत दिवसच्या दिवस पाहिली. नर घरटं अर्धंच विणतो, मादी ते येऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढचं काम होतं, आणि मग नर दुसऱ्या मादीसाठी नवं घरटं घेतो, हे त्यांनी नोंदवलं. त्यामुळे अर्धवट घरटी मोडकी म्हणून सोडून न देता मी त्यांच्यापाशीच थांबले. एक मादी आली, आडव्या कडीवर बसून तिने पात्या ओढून पाहिल्या आणि निघून गेली. नर बराच वेळ पंख फडफडवत लोंबकळत होता.

वर्ष भरलं तेव्हा फेऱ्या ९४ आणि पक्षी ११८ जातींचे झाले. ‘ओळखला नाही’ असे शेरे ६१ आहेत. त्यातले बरेच भोवत्या या शिकारी पक्ष्यांच्या माद्या आणि पाणकाठच्या तुतवारांचे आहेत, त्यांच्यावर या हिवाळ्यात बसणार आहे.

गेल्या वर्षीच्या वहीत २६ सप्टेंबरला मोरीखालच्या पाण्यात करडा धोबी हा हिवाळी पाहुणा आल्याची नोंद आहे. यंदा २४ पासून रोज सकाळी मोरीवर थांबते आहे. आज २८ तारीख. पाणी वाहतंय, दगड मोकळे आहेत, धोबी अजून आलेला नाही. तशी नोंद केली आहे.