हाती-हाती

दुपारी जरा पाठ टेकली होती, तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून सायकलच्या ब्रेकचा आवाज आला. लांबलचक, दात शिवशिवतील असा. कुणाचं तरी पोर उताराची मजा घेत होतं. आणि डुलकी लागलेल्या माझ्या हातांची बोटं आपोआप मिटली.

बालीहून येऊन वर्ष झालं, तरी बोटांची ही खोड गेलेली नाही.

तिथे आम्ही उताराची सायकल सफर घेतली होती. गाडीनं तुम्हाला डोंगरावर किंतामणीला नेऊन सोडायचं (नवरा शेवटपर्यंत चिंतामणीच म्हणत होता) आणि तुम्ही सायकलवरून खाली यायचं. पॅडल मारायचं काम जवळजवळ नाहीच. नवरा या योजनेवर बेहद्द खूश. "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा विचार करून सहल काढलीय," म्हणाला. मला मात्र आत कुठेतरी टोचत होतं. न चढता उतरायचं म्हणजे पानावर बसल्या बसल्या थेट गोडाला हात घालण्यासारखं. मिळालं तर मी खाते, नाही असं नाही. पण चोरटं वाटतं.

याला कारण दादा. लहानपणी तासावर भाड्यानं आणलेली एकच सायकल, आणि करार असा की चढावर मी ढकलायची आणि उतारावर त्यानं चालवायची. कधीतरी दया आली तर मागच्या कॅरिअरवर जागा. त्या सायकलला ब्रेक नावापुरतेच होते. वेग फार झाला की दादा ओरडायचा, "पाय टाक!" की मी दोन्ही पाय खाली सोडून चपला रस्त्यावर घासायच्या. म्हणजे त्या सायकलचा मागचा ब्रेक मीच होते. टाचेकडून चपला अशा झिजायच्या की आई म्हणायची, उंदीर लागलेत का गं तुझ्या पायाला? दादा शेजारीच उभा असायचा. चकार शब्द काढायचा नाही.

तर किंतामणी. नाश्त्याच्या टेबलासमोरच बातूरचा ज्वालामुखी, उंची 1717 मीटर, पायाशी तळं, अंगावर वाळलेल्या लाव्हाचे काळे ओघळ. 1926 मध्ये त्यानं खालचं बातूर गाव गिळलं, तेव्हा लोकांनी गाव आणि देऊळ दोन्ही वर कड्यावर आणून पुन्हा मांडलं. तो एवढा जवळ असताना केळ्याची भजी गिळवत नाहीत, हे माझं मत. नवऱ्यानं माझीही खाल्ली.

आमच्या वाटाड्याचं नाव वायान. बालीत नावं जन्माच्या क्रमानं ठेवतात. वायान, मादे, न्योमान, कतुत; पाचवं मूल झालं की पुन्हा वायान. हा पहिला की पाचवा, ते विचारायचं राहिलं. त्यानं हेल्मेटचे पट्टे आवळून दिले आणि बजावलं, ब्रेक सतत धरून ठेवायचा नाही, दाबायचा-सोडायचा. नुसता पुढचा तर करकचून कधीच दाबायचा नाही, नाहीतर सायकल थांबेल आणि तुम्ही पुढे जाल. मी मान डोलावली आणि पहिल्याच वळणावर दोन्ही ब्रेक जे धरले ते धरलेच.

मागून वायान ओरडला, "इबू, हाती-हाती!"

इबू म्हणजे आई, बाई, मोठ्या बाईला म्हणतात ते. ते मला गाडीतच कळलं होतं. हाती-हातीचा अर्थ मी माझाच लावला. ब्रेक हाती आहे, हातीच ठेवा. ठेवला. तो पुन्हा ओरडला, मी आणखी आवळला. पुढे एका वळणावर पाटीवर तेच दोन शब्द दिसले, तेव्हा विचारलं. हाती-हाती म्हणजे 'जपून'. पण तोवर माझी बोटं वाकलेल्या चमच्यासारखी झाली होती आणि मागची सगळी रांग माझ्या वेगानं येत होती.

मध्ये कॉफीच्या बागेत थांबलो. उदमांजराच्या पोटातून आलेली ती प्रसिद्ध कॉफी नवऱ्यानं घेतली, मी साधी.

नंतर भातखाचरं लागली आणि माझं ब्रेककडचं लक्ष पहिल्यांदाच उडालं. रस्त्याच्या कडेनं पाण्याचा पाट आमच्याबरोबरच खाली चालला होता. मधूनच तो खाचरात शिरायचा, पसरायचा, पुढच्या बांधावरून हळूच खालच्या खाचरात उतरायचा. बालीचे शेतकरी देवळांच्या साक्षीनं हे पाणी शेकडो वर्षं वाटून घेतात. सुबाक म्हणतात त्या व्यवस्थेला. 2012 मध्ये युनेस्कोनं ती जागतिक वारशात घेतली. वरच्यानं सगळं पाणी अडवायचं नाही, खालच्याची पाळी राखायची. मला तर त्या पायऱ्या म्हणजे पाण्याला लावलेले ब्रेकच वाटले. दाबायचे, सोडायचे. वायान सकाळपासून दुसरं काय सांगत होता? मग मीही सोडून पाहिले. दहा-बारा सेकंद असतील. एका घराच्या दारात फुलांची छोटी द्रोणातली पूजा ठेवलेली, ती चाकाखाली येता येता वाचली, आणि मी पुन्हा मुठी आवळल्या.

खाली जेवणाची सोय होती. आम्ही ताटावर बसलो तेव्हा वायान सायकली ट्रकवर चढवत होता, एकेक करून, दोरीनं बांधून. न राहवून विचारलं, तू कधी सायकलवरून वर गेलायस का?

"वर?" तो हसला. "वर जायला ट्रक आहे ना, इबू."

हे मी परवा दादाला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबरच आहे की. आपल्याकडे तू होतीस."

खालचा आवाज बंद झालाय. पोर सायकल वर ढकलत नेत असेल, किंवा घरच्यांनी हाक मारली असेल. आता पुन्हा झोप काही लागायची नाही, चहाच टाकते.