बीपीची गोळी मागितली की मी दम्याचं का विचारते

"शेजारच्या काकांना लागू पडलीय, तीच द्या," म्हणत कुणी प्रोप्रानोलॉल या बीपीच्या गोळीचं रिकामं पाकीट काउंटरवर ठेवलं, की मी आधी चिठ्ठी मागते आणि मग विचारते, "दमा आहे का?" कोल्हापुरात महाद्वार रोडला आमचं मेडिकल आहे. गर्दीच्या वेळी हा प्रश्न लोकांना भोचकपणाच वाटतो. "बीपीचा आन् दम्याचा काय संबंध वो, ताई?"

संबंध अ‍ॅड्रेनलिनचा. भीती किंवा ताण आला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून हे संप्रेरक रक्तात उतरतं आणि अंगभर फिरतं. रेणू एकच, पण कुठे काय घडायचं ते पेशीवरचा रिसेप्टर, म्हणजे ते ज्याला चिकटतं तो रेणू, ठरवतो. हृदयात बीटा-1, म्हणून ठोके आणि त्यांचा जोर वाढतो. श्वासनलिकांत बीटा-2, तिथले स्नायू सैल पडतात. कातडीच्या रक्तवाहिन्यांत अल्फा-1, त्या आवळतात. खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरण्याआधी पैलवानाची छाती धडधडते आणि तळहात गार पडतात, ते एकाच वेळी.

1948 साली अमेरिकेत औषधशास्त्रज्ञ रेमंड अल्क्विस्ट यांनी रिसेप्टरांची ही अल्फा-बीटा विभागणी मांडली, तेव्हा रिसेप्टर कुणी पाहिलाही नव्हता. वेगवेगळ्या अवयवांवर तीच ती रसायनं वापरायची आणि कुठे कुठलं जास्त चालतं त्याचा क्रम लावायचा, एवढाच आधार. मला हे अजून धाडसाचं वाटतं. त्याच विभागणीवरून ब्रिटनमध्ये जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रानोलॉल घडवलं. 1988 च्या नोबेलचे ते एक मानकरी. हे औषध रिसेप्टर अडवून अ‍ॅड्रेनलिनचं काम होऊ देत नाही. पण ते बीटा-1 बरोबर बीटा-2 ही अडवतं. दमेकऱ्याच्या श्वासनलिका त्यानं आवळू शकतात, वर दम्यावरचा सॅल्ब्युटामॉलचा पंपही नीट लागू पडत नाही, कारण तो बीटा-2 वरच चालतो. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही त्याच जातीची औषधं बीटा-1 कडे झुकलेली. डोस वाढला की तेही निवड करेनाशी होतात.

गंगावेशीतले एक जुने पैलवान पंप न्यायला येतात. "छाती मोकळी हुत्या, पन हात लई थरथरत्यात." बीटा-2 हाताच्या स्नायूंतही असतात, थोडं औषध रक्तातून तिथवर जातं, असं सांगितलं. "म्हंजे लागतंय म्हनायचं औषध!"

माझा लाडका मात्र अल्फा-2. तो खुद्द मज्जातंतूच्या टोकावरही असतो आणि तिथून सुटणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचं भावंड, पुरेसं सुटलं की आणखी सोडू देत नाही. क्लोनिडिन मेंदूतल्या अल्फा-2 ला चेतवून बीपी उतरवतं. ती गोळी एकदम थांबवली तर बीपी उसळतं. बीटा-ब्लॉकर, म्हणजे प्रोप्रानोलॉलसारखं बीटा अडवणारं औषधही, असा तडकाफडकी बंद करायचा नसतो. "बरं वाटतंय, सोडल्या गोळ्या," म्हणणाऱ्याला मी काउंटरवरूनच डॉक्टरांना फोन लावायला लावते.