पिल्लू चावल्यानंतरचा महिना

आमचं घर सातारा जिल्ह्यात, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका वाडीत. दोन गाई, एक कालवड, वाघ्या नावाचा कुत्रा, मनी मांजर आणि परसात कोंबड्या. माझी मुलगी छकू साडेतीन वर्षांची. रांगायला लागली तेव्हापासून तिची ओढ गोठ्याकडेच. कालवडीच्या गळ्यात हात टाकून बसणं, कोंबड्यांना दाणे टाकणं, मनीला दुधाची वाटी देणं, यातच तिचा दिवस जातो. लहान लेकराला जनावरांच्या सोबतीने वाढवणं मला फार मोलाचं वाटतं. म्हणूनच मे महिन्यात आमच्यावर जे आलं आणि त्यातून आम्ही कसे निघालो, ते सविस्तर लिहिते आहे.

दूध संकलन केंद्राच्या मागे एक भटकी कुत्री व्यायली होती. त्यातलं एक तांबडं पिल्लू हिंडत हिंडत आमच्या अंगणात यायला लागलं आणि रात्री कालवडीच्या कुशीत झोपायला लागलं. सासूबाईंनी छकूला बजावलं होतं, त्या पिल्लाजवळ जायचं नाही. एका संध्याकाळी मी तिचे पाय धूत होते, तर डाव्या पोटरीवर दातांच्या दोन खुणा दिसल्या. रक्त येऊन सुकलेलं होतं. विचारलं तर म्हणाली, "काटा लागला." काट्याची जखम अशी नसते. मी तिला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "मी रागावणार नाही, आजीपण रागावणार नाही. मला फक्त सांग." मग हळूहळू बाहेर आलं. पिल्लाला बिस्कीट दाखवलं, त्याने तोंड पुढे केल्यावर परत मागे घेतलं, असं दोन-तीनदा केलं. मग ते चावलं. दुपारची गोष्ट होती. आजी ओरडेल म्हणून ती दिवसभर गप्प राहिली होती.

या एका गोष्टीने मी हादरले. जखम छोटी होती, पण तिने ती लपवली होती. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळजवळ वाचत नाहीच. लक्षणं दिसण्याआधी मात्र उपचार पूर्ण केले तर हा आजार टाळता येतो. म्हणजे सगळं वेळेवर कळण्यावर आहे, आणि साडेतीन वर्षांच्या पोरीच्या बाबतीत ते तिने सांगण्यावर आहे. जगात कुत्रे चावलेल्यांमध्ये मुलांचं प्रमाण फार मोठं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार रेबीजचा संशय असलेलं जनावर चावलेल्या दर शंभरातली सुमारे 40 जणं पंधरा वर्षांखालची असतात. त्यातली किती लेकरं मार बसेल म्हणून गप्प बसत असतील, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही.

सासूबाई हळदीचा डबा घेऊन आल्या. आमच्याकडे पूर्वीपासून कुत्रं चावलं की हळद, चुना, नाहीतर लाल तिखट भरायची पद्धत. मी म्हटलं, "आई, आत्ता काही भरायचं नाही, नुसतं धुवायचं." आशाताईंनी गावातल्या बैठकीत सांगितलेलं मला पक्कं आठवत होतं: साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. चावून काही तास झाले असले तरी धुवायचंच. जखमेतला विषाणू साबणाने बराचसा निकामी होतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. तिखट-चुन्याने उलट जखम चिघळते आणि विषाणू आत ढकलला जातो. आमच्या नळाला संध्याकाळी पाणी नसतं. मग सासूबाईंनीच हळदीचा डबा ठेवला, हंडा उचलून आणला आणि तांब्याने धार धरली. मी साबण लावत होते. पंधरा मिनिटं किती लांब असतात ते रडणारं लेकरू मांडीवर असताना कळतं. घड्याळ समोर ठेवलं होतं म्हणून निभावलं, नाहीतर आपण दोन मिनिटांतच थांबतो. नंतर घरात होतं ते पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे जंतुनाशक औषध, लावलं. पट्टी बांधली नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढंसं पिल्लू गं, त्याला कुठला आलाय रोग? सकाळी बघू." हे काळजीपोटीच बोललं जातं, पण ऐकायचं नसतं. पिल्लालाही रेबीज होतो. त्याच्या आईला कधी लस टोचली होती की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. हे डेअरीवरून आले आणि आम्ही तसेच मोटरसायकलवर निघालो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी जखम बघितली. चाव्याचे तीन प्रकार असतात, ते त्यांनी समजावून सांगितलं. धड कातडीला नुसतं चाटलं, तर पहिला, त्याला लस लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला, तर दुसरा, त्याला लस लागते. कातडी फुटून रक्त आलं किंवा आधीच्या जखमेवर चाटलं, तर तिसरा, त्याला लशीसोबत सीरमही लागतं. छकूचा चावा तिसऱ्यात. लस तिथे मिळाली, सीरमसाठी आम्हाला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. रात्र झाली होती, पण डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, सीरम लवकरात लवकर द्यायचं, लटकवून ठेवायचं नाही. काही कारणाने राहिलंच, तर पहिल्या डोसनंतर सातव्या दिवसापर्यंतच त्याचा उपयोग असतो.

दोन्ही कशाला, हा प्रश्न मला पडला होता. लस शरीराला स्वतःची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, तयार करायला शिकवते, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात. सीरममध्ये ती तयार प्रतिपिंडं असतात, म्हणून मधल्या दिवसांत जखमेपाशीच विषाणूला अडवायचं काम ती करतात. विषाणू रक्तातून पसरत नाही, मज्जातंतूंमधून मेंदूकडे चढत जातो. म्हणूनच सीरम दंडात किंवा कमरेत न देता जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. मात्रा वजनावर ठरते. घोड्याच्या रक्तापासून केलेलं असेल तर किलोला 40 एकक, माणसाच्या रक्तापासून केलेलं असेल तर 20. अलीकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेलं मोनोक्लोनल अँटिबॉडीचं, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही मिळतं. छकूचं वजन बारा किलो, त्या हिशेबाने तिला दिलं.

तो भाग सगळ्यात अवघड गेला. दुखऱ्या जागेतच सुई. नर्सताईंनी मला खुर्चीत बसवलं, छकूला छातीशी धरायला सांगितलं आणि तिचा पाय ह्यांनी धरला. मी तिला "काही दुखणार नाही" असं म्हटलं नाही. म्हटलं, "दुखणार आहे, खूप दुखणार आहे, पण मी सोडणार नाही, आणि संपलं की लगेच सांगेन." ती किंचाळली, मला चावली, पण दवाखान्याला घाबरून पुढच्या वेळी पळाली नाही. खोटं सांगितलं असतं तर पुढच्या तारखांना तिने माझ्यावर विश्वास ठेवला नसता, असं मला ठाम वाटतं.

लशीचं त्या मानाने काहीच नाही. सरकारी दवाखान्यात ती कातडीतच देतात, दोन ठिकाणी 0.1 मिलीलिटर. मुंगी चावल्यासारखा बारीक फुगवटा येतो आणि विरून जातो. लहान मुलांना दंडाऐवजी मांडीच्या बाहेरच्या बाजूलाही देतात. कुल्ल्यावर कधीच देत नाहीत, तिथे चरबीमुळे ती नीट लागू पडत नाही. माझे सासरे, अण्णा, हे ऐकून चकित झाले. त्यांच्या तरुणपणी चुलत भावाला कुत्रं चावलं होतं आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस. 2004 च्या अखेरीस तिचं उत्पादन आपल्या देशात थांबलं. पण पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून गावोगावी आहे, आणि कितीतरी लोक तिच्यापायी दवाखान्याची पायरी चढत नाहीत. अण्णा आता पारावर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "ती चौदा गेली, आता नुसती टिचकी."

तारखांबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण तिथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. कातडीतल्या लशीचे डोस 0, 3, 7 आणि 28 या दिवशी. दंडाच्या स्नायूत देतात तेव्हा 0, 3, 7, 14 आणि 28. पहिला डोस ज्या दिवशी दिला तो शून्य दिवस, एक नव्हे. म्हणजे सोमवारी पहिला, तर दुसरा गुरुवारी. नर्सताईंनी कार्डावर तारखा लिहून दिल्या, मी त्या दिनदर्शिकेवर लाल शाईने उतरवल्या. छकूला त्या तारखांवर स्वतःच्या हाताने एकेक टिकली लावायला दिली. त्यामुळे जायचा दिवस तिचा स्वतःचा झाला, अचानक उचलून नेणं राहिलं नाही. शेवटचा डोस सगळ्यात जास्त चुकतो. तोवर जखम भरलेली असते, लेकरू हुंदडत असतं, आणि आमच्याकडे पेरणीची घाई सुरू झालेली असते.

चावलेलं कुत्रं किंवा मांजर दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायला सांगतात. लाळेतून रोग देण्याच्या अवस्थेत असेल, तर तेवढ्यात ते आजारी पडतं किंवा मरतं. पण त्या दहा दिवसांसाठी लस थांबवायची नसते. आम्ही तांबड्या पिल्लाला लांबून भाकर टाकत होतो. चार-पाच दिवस दिसलं, चांगलं खात होतं. मग एक दिवस आलंच नाही. कुणी म्हणालं खालच्या वाडीतल्या पोरांनी उचलून नेलं, कुणी म्हणालं टेम्पोखाली आलं. डॉक्टर म्हणाले, मग आता प्रश्नच नाही, सगळे डोस पूर्ण करायचे.

पिल्लू कालवडीपाशी झोपायचं म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही बोलावलं. त्यांनी तिचं नाक, कान, पाय, कास सगळं तपासलं, कुठेही दात लागलेला नव्हता. आमच्याकडून दूध नेणाऱ्या एक ताई दबक्या आवाजात विचारून गेल्या, दूध घ्यावं का. गाईंना तर पिल्लू चावलेलंच नव्हतं. शिवाय उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही, असं डॉक्टरांनी त्यांना समोर सांगितलं. त्या आजही दूध नेतात. अशी शंका तोंडावर विचारली याचं मला बरं वाटलं, कारण मागे कुजबुज राहिली की गावभर भीती पसरते.

माहेरहून फोन आला तो वेगळ्याच सल्ल्याचा: पोर मोठी होईस्तोवर कुत्रा कुठेतरी सोडून द्या. मी स्पष्ट नाही म्हटलं. वाघ्याला दरवर्षी लस दिलेली असते, तो आमच्या दारात आहे. त्याला दहा मैलांवर सोडला तर तो कुणाच्या तरी दारातला लस नसलेला, भुकेला, घाबरलेला कुत्रा होईल, आणि मग तिथल्या लेकराचं काय? जनावर घरात ठेवायचं तर त्याची लस आणि आपल्या मुलाची शिस्त, ही दोन्ही कामं आपली. छकूला आम्ही आता रोज थोडं थोडं शिकवतो. वाघ्या खात असताना त्याच्या ताटलीजवळ जायचं नाही. झोपलेल्याला हात लावायचा नाही, आधी हाक मारायची. दाखवलेला घास मागे घ्यायचा नाही. पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीच्या वाटेला जायचं नाही, आणि ओळखीचं नसलेलं कुत्रं अंगावर आलं तर पळत न सुटता झाडासारखं उभं राहायचं. साडेतीन वर्षांच्या मुलीला हे सगळं पाळता येत नाही, म्हणून ती आणि वाघ्या एकत्र असले की मोठं कुणीतरी तिथे असतंच. यातून सुटका नाही.

पण या सगळ्यांच्या वरचा नियम मोठ्यांसाठी केला, आणि तो सासूबाईंनीच सगळ्यांना सांगितला: पोरीने काही लागल्याचं सांगितलं की आधी जवळ घ्यायचं. कुठे गेली होतीस, कशाला गेली होतीस, हे त्या वेळी विचारायचं नाही. त्यानंतर छकूने आम्हाला कोंबडीने टोचलेलं दाखवलं, मनीचं नख लागलेलं दाखवलं, बाभळीचा खराखुरा काटाही दाखवला. मनीचं नख लागलं तेव्हा रक्त आलं नव्हतं, तरी धुऊन डॉक्टरांना दाखवलं. लशीचे सगळे डोस नुकतेच पूर्ण झाले होते, त्यामुळे आणखी द्यायची गरज नाही असं ते म्हणाले.

6 जुलैला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याने वाडीत लसीकरण ठेवलं होतं. 1885 साली याच तारखेला पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांची लस जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला टोचली गेली आणि तो वाचला, म्हणून हा दिवस जनावरांपासून माणसांना होणाऱ्या आजारांसाठी पाळतात. डेअरीमागच्या कुत्रीला आम्ही दूधभाकरीवर बोलावून आणलं. तिची उरलेली पिल्लं तोवर तीन महिन्यांची, लस घेण्याजोगी झाली होती. ह्यांनी आणि डेअरीतल्या दोन मुलांनी एकेकाला गोणपाटात धरलं. मनीलाही दिली, वाघ्याचा वार्षिक डोसही तेव्हाच झाला.

छकूचं कार्ड मी तिच्या बाळपणीच्या लसीकरण कार्डाच्या पिशवीत ठेवलं आहे. पुढे कधी पुन्हा काही चावलं, तर पूर्ण लस झालेल्याला 0 आणि 3 या दिवशी दोनच डोस लागतात आणि सीरम लागत नाही. पण त्यासाठी आधीचे डोस झाल्याचा कागद दाखवावा लागतो.