तुम्ही विचारलंत म्हणून : उपासनेहून घरी आल्यावर

"ताई, रविवारची उपासना समजते. पण सोमवार ते शनिवार, घरात आणि चारचौघांत, ख्रिस्ती म्हणून जगायचं म्हणजे नेमकं करायचं काय?"

बायबल अभ्यासाला येणारी नवी जोडपी मला हे विचारतात, तान्ह्या मुलांच्या आया विचारतात, नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थही विचारतात. बहुतेकांना वेळापत्रक हवं असतं. सकाळी किती अध्याय वाचावेत, प्रार्थना किती वेळ करावी, मुलांकडून कोणती वचनं पाठ करून घ्यावीत. वाचन आणि प्रार्थना यांच्यावाचून विश्वास तग धरत नाही, हे मी मानते आणि रोज दोन्ही करते. तरी माझं उत्तर तिथून सुरू होत नाही. ज्यांना आपले सगळे दोष ठाऊक आहेत, त्या माणसांशी आज आपलं कसं आहे, ते आधी बघा, असं मी सांगते.

हे माझ्या मनचं नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की, तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं तुला तिथं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग ये. ऐकणारी बरीच माणसं गालीलातली होती. वेदी यरुशलेमेच्या मंदिरात, म्हणजे पायी काही दिवसांच्या वाटेवर. एवढी वाट तुडवून गेलेल्या माणसाला येशू माघारी पाठवतो! शिवाय तक्रार भावाच्या मनात आहे. "माझ्या मनात तर काही नाही" असं म्हणून आपली सुटका होत नाही.

मार्कनं लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, सातव्या अध्यायात तो याहून कडक बोलतो. आपली मालमत्ता ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं एखाद्यानं जाहीर केलं की आईबापांच्या पोषणासाठी ती वापरायची जबाबदारी त्याच्यावर उरत नाही, असं काही शास्त्री, म्हणजे धर्मशास्त्राचे शिक्षक, शिकवत. येशू त्यांना तोंडावर सांगतो की, तुम्ही आपल्या रूढीनं देवाचं वचन रद्द केलंत. देवाचं नाव घेऊन घरच्यांना टाळणं त्याला सहन झालं नाही. वधस्तंभावर असतानाही त्यानं आपल्या आईची सोय लावली, आणि त्या घटकेपासून त्याच्या एका शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं, असं योहान लिहितो.

ही कुर्बानची गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, मनापासून राबणाऱ्या माणसांनाच हा मोह जास्त होतो. समितीची बैठक, गायनाचा सराव, भेटीगाठी, शिबिरं. सगळं चांगलंच. पण घरी म्हातारे वडील दिवसभर कोणी बोलेल म्हणून वाट बघत असतात, आणि आपण दुसऱ्यांच्या वडिलांसाठी प्रार्थना करायला गेलेलो असतो. माझ्या सासूबाई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्या काळात मी महिला मंडळाचं काम सोडलं. "सेवा सोडलीत?" असं काहींनी विचारलं. मी सेवा सोडलेली नव्हती, आणि आजही मला तसंच वाटतं. त्यांना कुशीवर वळवणं, चादर बदलणं, तीच ती आठवण पुन्हा ऐकणं, हे प्रभूच्या कामातून वजा होणारं काम नव्हे. त्याच मंडळातल्या दोघी आळीपाळीनं रविवारी आमच्या घरी बसत, म्हणून मला उपासनेला जाता येई. त्या दोघींकडून मी जे शिकले ते एखाद्या प्रवचनातून क्वचितच शिकले असेन.

पहिल्या ख्रिस्ती माणसांकडे स्वतंत्र चर्चची इमारत नव्हती, हेही या प्रश्नापुरतं ध्यानात ठेवण्याजोगं आहे. ती घरांत जमत. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला प्रेषित पौल आपल्या पत्रातून सलाम पाठवतो, नुंफाच्या घरच्या मंडळीचा उल्लेख करतो. आज सिरियात असलेल्या दूरा-युरोपोस इथं तिसऱ्या शतकातलं एक घर उत्खननात सापडलं, भिंती पाडून, बाप्तिस्म्यासाठी कुंड बांधून उपासनेसाठी बदललेलं. तेव्हा "एकमेकांची ओझी वाहा", "एकमेकांना क्षमा करा" ही वाक्यं पहिल्यांदा ऐकली गेली ती नवरा, बायको, मुलं, गुलाम, पाहुणे असे सगळे एकाच छपराखाली बसलेले असताना. वाचणाऱ्यानं वाक्य वाचलं की ऐकणाऱ्याला तो ‘एकमेक’ समोरच दिसत होता.

पौलानं फिलेमोन नावाच्या विश्वासणाऱ्याला लिहिलेलं पत्र मला याच कारणासाठी फार जवळचं आहे. नव्या करारातलं हे एक अगदी छोटं पत्र. अनेसिम हा फिलेमोनाचा गुलाम, त्याच्यापासून दुरावलेला. पौलाच्या सहवासात तो विश्वासात येतो आणि पौल त्याला परत पाठवतो. पत्रात विनंती अशी की, याला आता गुलाम म्हणून नव्हे, तर प्रिय भाऊ म्हणून घे. त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल, तुझं काही देणं असेल, तर ते माझ्या नावावर मांड. पत्र एकट्या फिलेमोनाला नाही. "तुझ्या घरात जमणाऱ्या मंडळीला" असंही वर लिहिलेलं आहे. म्हणजे त्याच्या घरातला हा जुना राग सगळ्यांसमोर उघडा झाला. शेवटी पौल सांगतो, माझ्यासाठी उतरायची जागा तयार ठेव, मी येईन अशी आशा आहे. तो येऊन बघणार होता! फिलेमोनानं पुढं काय केलं ते शास्त्रात नाही. पण पत्र जपून ठेवलं गेलं, त्यावरून मी माझा अंदाज बांधते.

आता रोजच्या जगण्यात हे कसं उतरवायचं? आमच्या घरी रात्री कौटुंबिक प्रार्थना होते. लहानशी असते. एक उतारा, दोन-चार विनंत्या आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ या ओळीपाशी, म्हणजे आम्ही इतरांचे अपराध माफ केले आहेत असं जिथं म्हणावं लागतं तिथं, आम्ही थांबतो. कोणी काही बोललंच पाहिजे असं नाही. पण त्या शांततेत दोन माणसं एकमेकांकडे बघायचं टाळत असली तर सगळ्यांना कळतं. कधी कोणी तिथल्या तिथं "दुपारी मी फार तोडून बोललो" म्हणतं. कधी कोणी काहीच म्हणत नाही, आणि प्रार्थना जड आवाजात पुढं सरकते. तेही चालतं. राग मनात असताना ती ओळ तोंडानं म्हणावी लागणं, हेच माणसाला रात्रभर पुरतं.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तीत असंच आहे हे मला पुढं कळलं तेव्हा फार आनंद झाला. सकाळ-संध्याकाळच्या उपासनेत प्रभूची प्रार्थना प्रमुखानं सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं म्हणावी, कारण एकत्र राहणाऱ्यांत कुरबुरींचे काटे उगवतातच, असं कारणही त्यानं दिलं आहे. भांडण झालं असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी समेट करावा, हेही त्यात आहे. पौलानं इफिस इथल्या मंडळीला लिहिलेलंच ते. मठाची हत्यारं-भांडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत, असंही भांडाराची जबाबदारी असलेल्याला बेनेडिक्ट सांगतो. देवासाठी घरदार सोडून गेलेल्यांनाही रुसवेफुगवे आणि भांडीकुंडी चुकली नाहीत.

इथं मला थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण क्षमेच्या नावाखाली फार अन्याय होतो. क्षमा म्हणजे मार खाऊन गप्प राहणं नव्हे. नवरा हात उगारतो, घरातलं कोणी मुलाला छळतं, आणि मंडळीतली वडीलधारी माणसं "सोडून दे, प्रार्थना कर" म्हणतात, तेव्हा ती येशूच्या शिकवणीविरुद्ध बोलत असतात. मत्तयच्या अठराव्या अध्यायात सत्तर वेळा सात ही क्षमेची गोष्ट येते, पण त्याच अध्यायात तिच्याआधी दुसरंही येतं. अपराध करणाऱ्याला एकांतात त्याची चूक दाखव. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत घे. तरीही नाही तर मंडळीला सांग. लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं, हेही तिथंच आहे. जिवाला धोका असेल तर आधी त्या घरातून बाहेर पडायचं, पोलिसांची मदत घ्यायची. "पत्नींनो, आपापल्या पतीच्या अधीन असा" हे वचन ज्यांना तोंडपाठ असतं, त्यांनी त्याच्या लगेच आधीचं वचनही म्हणावं. ख्रिस्ताच्या भयानं एकमेकांच्या अधीन असा, असं ते आहे.

मुलांच्या बाबतीत लोक विचारतात, त्यांच्यात विश्वास कसा रुजवायचा. कलस्सै इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात बापांना एक छोटी आज्ञा आहे: मुलांना चिडीस आणू नका, नाहीतर ती खिन्न होतील. रोमी कायद्यात बापाचा मुलांवरचा अधिकार जवळजवळ अमर्याद होता. अशा जगात मुलाच्या मनाचा विचार करून बापाला आवर घातलेला आहे. माझं मत असं की, मुलं वचनं विसरली तरी घरात मोठी माणसं एकमेकांची क्षमा मागताना दिसली का, हे विसरत नाहीत. आणि बापानं मुलांचं करणं यात कमीपणा नाही. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं 1522 साली विवाहावर लिहिताना म्हटलं आहे की, बाप बाळाची दुपटी धुतो तेव्हा लोक त्याला हसतील, पण त्यानं ते विश्वासानं केलं तर देव आणि सगळे देवदूत आनंदानं हसतात. पाचशे वर्षं झाली, हे तरुण बापांना अजून वाचून दाखवावं लागतं.

घराबाहेर हेच थोडं मोठं होतं. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात मंडळीतलं जे पहिलं मोठं गाऱ्हाणं नोंदलं आहे ते शिकवणीवरून नाही, रोजच्या अन्नवाटपावरून आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. प्रेषितांनी त्यासाठी सात माणसं निवडायला लावली, आणि ती पवित्र आत्म्यानं व ज्ञानानं पूर्ण असावीत अशी अट घातली. वाढपाच्या कामाला ही अट! ज्यांची नावं निवडली गेली ती सगळी ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती काम सोपवलं. चौथ्या शतकात सम्राट ज्युलियननं, जो ख्रिस्ती धर्माचा विरोधक होता, आपल्या पुजाऱ्याला पत्रातून सुनावलं की, हे गालीलकर, म्हणजे ख्रिस्ती, स्वतःच्या गरिबांना पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकानं दिलेली ही साक्ष मला फार मोलाची वाटते. त्या लोकांनी मदत करताना कोण कुठल्या देवाला भजतो हे विचारलं नव्हतं. आपणही विचारू नये. मदतीच्या बदल्यात कोणी उपासनेला यावं अशी अपेक्षा मनात आली की ती मदत उरत नाही, सौदा होतो.

म्हणून मंडळीत काय करावं असं कोणी विचारलं तर मी एक यादी करायला सांगते. एकटी राहणारी, आजारी, बेकार, अलीकडे उपासनेला न दिसणारी माणसं आणि शेजारची, आपल्या मंडळीची नसलेली माणसंही. प्रत्येक नावापुढं भेटायला जाणाऱ्याचं नाव लिहायचं. "शांतीने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" असं नुसतं म्हणणाऱ्याला याकोब आपल्या पत्रात विचारतो, त्यापासून काय लाभ? यादी असली की हा प्रश्न टाळता येत नाही.

शेवटचा प्रश्न बहुधा हळू आवाजात येतो, बैठक संपून सगळे उठल्यावर. "घरात विश्वास ठेवणारी मी एकटीच आहे. मी काय करू?" पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं घर असंच होतं, हे मी त्यांना सांगते. आई युनीके यहूदी, विश्वासात आलेली, बाप ग्रीक. पौल त्याच्या विश्वासाचा माग काढतो तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापर्यंत. बापाचं नावही येत नाही. पेत्र तर सांगतो की, वचन न मानणारा पती पत्नीच्या वागण्यानं, एक शब्दही न बोलता, मिळवला जाऊ शकतो. तेव्हा घरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्याच पापांसाठी प्रार्थना करू नका. त्यांच्या आईवडिलांचा, त्यांच्या सणांचा, त्यांच्या मित्रांचा मान ठेवा. तुमची प्रार्थनेची वेळ त्यांच्या गरजेच्या वेळेवर येत असेल तर प्रार्थनेची वेळ बदला. आणि एखाद्या रात्री ते आपण होऊन शेजारी येऊन बसले, तर सरकून जागा द्या, आणि त्या दिवशी प्रार्थना नेहमीपेक्षा लांबवू नका.