प्निक्सच्या टेकडीवरची सकाळ

अथेन्समधली पहिली सकाळ मी ॲक्रोपोलिस या प्रसिद्ध कड्यासाठी नव्हे, तर त्याच्या पश्चिमेला असलेल्या, प्राचीन अथेन्सची लोकशाही जिथे भरत असे त्या प्निक्स नावाच्या ठेंगण्या टेकडीसाठी राखून ठेवली होती. थिसिओ स्थानकापासून पाइनच्या सावलीतून चढत वर पोहोचले, तेव्हा तिथे मंदिर नव्हते, खांबांची रांग नव्हती, पुतळाही नव्हता. समोर होते एक विस्तीर्ण मोकळे पटांगण, त्याच्या कडेला तासलेला खडक आणि त्या खडकातूनच कोरून काढलेला, पायऱ्या असलेला एक चौथरा. आज दिसणारे हे बांधकाम इसवी सनपूर्व चौथ्या शतकातले असले, तरी अथेन्सच्या नागरिकांची सभा, म्हणजे एक्लेसिया, त्याच्या दीडशे वर्षे आधीपासून याच टेकडीवर भरत असे. काही महत्त्वाच्या निर्णयांना ६,००० मतांची गणपूर्ती लागे. सभा सुरू झाली की दवंडीवाला विचारी, ‘कोणाला बोलायचे आहे?’ त्या चौथऱ्याकडे पाहत मी बराच वेळ बसून राहिले. एखाद्या कुंभाराला किंवा शेतकऱ्याला तिथे उभे राहून युद्धाबद्दल बोलता येत होते, ही गोष्ट वाचलेली असणे वेगळे आणि त्या खडकासमोर बसून उमजणे वेगळे.

टेकडीवरून भूगोलही समजतो. पूर्वेला हिमेटस, उत्तरेला पार्निथा, पश्चिमेला एगालिओ आणि दक्षिणेला समुद्र. डोंगरांनी वेगळ्या केलेल्या अशाच छोट्या मैदानांमध्ये इसवी सनपूर्व आठव्या शतकापासून ग्रीकांची नगरराज्ये आकाराला आली. प्रत्येकाचे देव, कायदे, नाणी आणि अभिमान वेगळे. अशा एक हजाराहून अधिक नगरराज्यांची नोंद अभ्यासकांनी केली आहे. बहुतेक ठिकाणी सत्ता मूठभर कुलीन घराण्यांकडे असे, पण तिला वेसण घालण्याची धडपडही फार जुनी आहे. क्रीट बेटावरच्या द्रेरोस या गावी सापडलेला, इसवी सनपूर्व सातव्या शतकातला कोरीव कायदा सांगतो, की एकदा ‘कोस्मोस’ हे सर्वोच्च पद भूषवलेल्या माणसाला पुढची दहा वर्षे ते पुन्हा मिळणार नाही. हा कायदा ‘नगराने ठरवला’, असे त्याच्या सुरुवातीलाच म्हटले आहे.

अथेन्सला मात्र या वाटेवर बरेच ठेचकाळावे लागले. कर्जापायी शेतकरी गुलाम होऊ लागले, तेव्हा इसवी सनपूर्व ५९४ मध्ये सोलोन या कायदेकर्त्याने ती कर्जे रद्द केली आणि माणसाला तारण ठेवण्याची प्रथाच बंद केली. तरीही पुढे पिसिस्ट्राटस आणि त्याच्या मुलांची एकाधिकारशाही आली. ती ५१० मध्ये संपली, ती स्पार्टा या दुसऱ्या नगरराज्याच्या मदतीने. मग दोन वर्षांनी इसागोरस या सरदाराच्या बाजूने स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस सैन्य घेऊन अथेन्समध्ये शिरला आणि नगराचे सल्लागार मंडळ बरखास्त करू लागला. तेव्हा लोक उठले. त्यांनी राजाला ॲक्रोपोलिसवर कोंडले आणि दोन दिवस वेढा घातला. तिसऱ्या दिवशी तह करून तो निघून गेला. प्निक्सवरून समोर तोच कडा दिसतो. पार्थेनॉन त्यावर उभे राहिले ते यानंतर साठ वर्षांनी, आणि ॲक्रोपोलिसकडे पाहताना मला त्या मंदिराइतकाच हा वेढाही आठवत राहतो.

इसागोरसचा प्रतिस्पर्धी, हद्दपार झालेला क्लेइस्थेनीस परतला आणि त्याने जे केले, त्यामागची बुद्धी मला आजही थक्क करते. घराण्यांवर आधारलेल्या चार जुन्या गणांचे राजकीय महत्त्व संपवून त्याने दहा नवे गण पाडले. प्रत्येक गणात काही वस्त्या शहराकडच्या, काही किनाऱ्याच्या आणि काही आतल्या मुलखातल्या घेतल्या. एकूण १३९ वस्त्या अशा मिसळल्या गेल्या. त्यामुळे कोळी, शेतकरी आणि शहरी कारागीर एकाच गणात आले, एकत्र लढू लागले, आणि सरदारांचे जुने हुकमी गट विस्कटले. प्रत्येक गणातले ५० असे ५०० जण सल्लागार मंडळात वर्षभर बसत.

दुपारी टेकडी उतरून अगोरात गेले. बाजार, न्यायालये आणि कचेऱ्या असलेला हा नगरचौक होता. तिथल्या पुन्हा उभारलेल्या आटालोसच्या स्टोआत, म्हणजे खांबांच्या लांब ओसरीत, संग्रहालय आहे आणि लोकशाहीची खरी अवजारे तिथे काचेआड ठेवली आहेत. खाचांच्या रांगा कोरलेला संगमरवरी दगड, म्हणजे क्लेरोटेरियन. त्या खाचांमध्ये नागरिकांच्या नावांच्या पट्ट्या लावत, बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोळे सोडत आणि कोणत्या रांगेतले लोक त्या दिवशी न्यायदानाला बसणार हे ठरत असे. आपल्याकडे प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघते. त्यांच्याकडे बहुतेक अधिकारपदांचीच निघत असे. निवडणुकीत श्रीमंत आणि नामवंतच निवडून येतात असे त्यांचे मत होते. सेनापतीसारखी पदे तेवढी ते मतदानाने भरत. शेजारी मातीचे जलघड्याळ आहे, ज्यातले पाणी सहा मिनिटांत संपे आणि तेवढ्यात वक्त्याला आपले म्हणणे आवरावे लागे. पलीकडे न्यायदानाच्या कांस्याच्या चकत्या आहेत. काहींचा मधला दांडा पोकळ, काहींचा भरीव. दोन्ही टोके बोटांनी झाकली की मत कोणालाच दिसत नसे.

ज्या नेत्याला नगराबाहेर घालवायचे, त्याचे नाव नागरिक खापरावर कोरून मत देत; तशी खापरेही तिथे आहेत. ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या नेत्याच्या नावाची सुमारे १९० खापरे सापडली आणि ती जेमतेम चौदा हातांनी लिहिलेली निघाली. कोणीतरी ती आधीच तयार करून वाटण्यासाठी ठेवली असावीत. हे सांगताना मला वाईट वाटते, पण लपवण्यात अर्थ नाही. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक या सभेत कधीच नव्हते, हेही तसेच. लॉरियनच्या चांदीच्या खाणीत गुलाम राबत होते आणि त्या चांदीतून बांधलेल्या जहाजांवर वल्ही मारणारे गरीब नागरिक टेकडीवर मते देत होते.

निघण्याआधी एका शिलालेखापुढे थांबले. त्यावर आसनस्थ वृद्ध ‘डेमोस’ला, म्हणजे जनतेला, ‘डेमोक्रातिया’ ही स्त्री मुकुट घालते आहे. खाली इसवी सनपूर्व ३३६ चा कायदा आहे: एकाधिकारशाही आणणाऱ्याला जो ठार करील, तो निर्दोष मानला जाईल. पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधीच, ३२२ मध्ये, उत्तरेकडच्या मॅसिडोनिया या राज्याच्या सैन्याने अथेन्सची लोकशाही मोडली आणि मालमत्ता नसलेल्या हजारो नागरिकांचा मताचा हक्क गेला.