हिरवी मी, जांभळी मी

एप्रिलातली दुपार. गच्चीत धणे आणि खोबऱ्याच्या वाट्या ऊन खात पडल्या होत्या, मसाला कांडपवाल्या ताईंनी चारची वेळ दिली होती आणि मला आत्याचं गोड्या मसाल्याचं प्रमाण हवं होतं. ते मी पूर्वी कधीतरी तिच्या शेजारी बसून, ती सांगत असताना टाईप करून ठेवलेलं. तिच्या ‘मूठभर’चे ग्रॅम करून घेताना आमचं भांडणही झालं होतं. फाईल सापडली, मी बोट लावलं, तर एक कुलूप आलं आणि त्याखाली ओळ: ही फाईल पाहण्याची परवानगी तुम्हाला नाही. मालकाकडे विनंती करा.

मालक म्हणजे मीच.

वर उजव्या कोपऱ्यात एक गोल असतो, त्यात आपलं अक्षर. माझ्या सगळ्या खात्यांवर अक्षर तेच, कारण मी तीच. म्हणून कंपनीने मला रंगावरून ओळखायचं ठरवलंय. मसाला हिरवीकडे होता आणि मी त्या घटकेला जांभळी होते.

कंपनीचं नाव घेत नाही. घ्यायचंच तर उखाण्यात घ्यावं लागेल, इतक्या वर्षांचा संसार झालाय तिच्याशी. टपाल तिच्याकडे, फोटो तिच्याकडे, सगळ्यांचे वाढदिवससुद्धा तिच्याच भरवशावर. तुमच्या डोळ्यांसमोर जी आली असेल तीच धरा. दुसरी धरलीत तरी काही बिघडत नाही.

विनंतीसोबत निरोप लिहायला एक चौकट असते. तिच्यात काय लिहावं ते सुचेना. स्वतःला ‘अहो’ म्हणायचं की ‘अगं’? शेवटी लिहिलं, ‘मसाला आहे. चारच्या आत.’ कंपनीने तत्परतेने कळवलं की मालकाने परवानगी दिली की तुम्हाला कळवू.

आता परवानगी द्यायची तर हिरवी व्हायला हवं. पासवर्ड पाठ होता. पण कंपनी म्हणाली, हा फोन ओळखीचा नाही, खात्रीसाठी एक आकडा पाठवलाय. पाठवलाय कुठे, तर बाबांच्या मोबाईलवर. खातं उघडलं तेव्हा घरात मोबाईल एकच होता, तो बाबांचा. बाबा गेल्यावर आम्ही तो नंबर चालू ठेवला नाही. बंद पडलेला नंबर निदान नव्वद दिवस तरी दुसऱ्या कुणाला देत नाहीत, असं ट्राय या दूरसंचार नियामकाने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. त्यानंतर तो कुणाचाही होऊ शकतो.

मी फोन लावला. वाजला. उचलला.

“दादा, तुमच्या फोनवर आत्ता एक सहा आकडी नंबर आला असेल. तेवढा सांगता का?”

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग, “बँकेतून बोलताय का?”

“नाही हो. ते खातं माझंच आहे. हा नंबर पूर्वी माझ्या वडिलांचा होता.”

“मागं एकीनं असंच वडलांचं सांगितलं होतं.”

“अहो, मला फक्त मसाल्याचं प्रमाण बघायचंय.”

“ताई, आवाज चांगल्या घरातला वाटतोय तुमचा. कशाला असले धंदे करता? परत फोन केलात तर सायबर फसवणुकीच्या १९३० ला कळवीन.”

ठेवला त्याने. मी फोनकडे बघत बसले. बोललेलं वाक्य न् वाक्य खरं होतं आणि ऐकायला सगळं चोराचं. पण राग काही आला नाही. बाबांचा नंबर सावध माणसाकडे गेलाय, याचं उलट बरंच वाटलं. बाबा असते तर त्यांनी तो आकडा दोनदा वाचून दाखवला असता आणि वर चहालाही बोलावलं असतं.

आत्याने फोनवर सगळं तोंडपाठ सांगितलं. दगडफूल मात्र या खेपेला निराळंच. “मागच्या वेळी वीस ग्रॅम म्हणाली होतीस,” म्हटलं तर म्हणे, “तेव्हा दगडफूल चांगलं मिळालं नसेल.” मसाला झाला. दुपार मात्र डोक्यातून जाईना.

एकाच कंपनीकडे एका बाईची इतकी खाती होतात कशी, असं पुरुष विचारतात. बायका विचारत नाहीत. हिरवी माझी माहेरची. सायबर कॅफेत उघडलेली, तिथल्या प्लायवूडच्या खुराड्यात, मैत्रिणीच्या मांडीला मांडी लावून. तासाचे पैसे द्यायचे असल्यामुळे घाई, आणि हवा तो पत्ता आधीच कुणी तरी घेतलेला. म्हणून नावाआधी ‘स्वीट’ लागलं आणि नावानंतर जन्मसाल. पुढे तोच पत्ता नोकरीच्या अर्जावर आला. बँकेतल्या साहेबांसमोर तो एकेक अक्षर सुटं करून सांगावा लागला. साहेबांनी मान वर न करता लिहून घेतला. कोणी माणूस इतक्या सभ्यपणे वागल्याचं मी पुन्हा पाहिलेलं नाही.

जांभळी सासरची. लग्नात ताटातल्या तांदळावर नाव लिहितात, त्यात माझं पहिलं नाव वाचलं. मधलं आणि शेवटचं गेलं. मग पॅन, मग पासपोर्ट, मग बँक, आणि सगळ्यांना पुरेसा गंभीर दिसेल असा एक नवा पत्ता. कंपनीच्या अर्जात नावाचे रकाने दोनच होते, पहिलं आणि शेवटचं. मधल्याला जागाच नाही. त्यामुळे वडील की नवरा हा प्रश्न तिने परस्पर मिटवला. आपल्या सरकारने तसं केलं नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या कागदांवर नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम लावून दिलाय. चांगलंच झालं. पण ही बाळं मोठी होऊन त्या दोन रकान्यांसमोर बसतील तेव्हा कुणाला आत घेतील आणि कुणाला बाहेर ठेवतील, हे बघायला हवं.

तिसरं खातं मी उघडलेलंच नाही. पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने, “मॅडम, हे लागतंच,” म्हणत काचेच्या कपाटावर कोपर टेकून अर्ध्या मिनिटात उघडून दिलं. पासवर्ड त्याने ठरवला. तो त्याला तरी संध्याकाळपर्यंत आठवला असेल की नाही, देव जाणे. त्या खात्यात मुलीच्या बोरनहाणाचे फोटो आहेत. आहेत, एवढंच माहीत आहे.

चौथं खातं शाळेचं. २०२० मध्ये मुलीची शाळा माझ्या फोनवर भरायची. सकाळी ती वर्गात बसायची आणि दुपारी मी त्याच फोनवरून ऑफिसच्या मीटिंगला. एकदा साहेबांनी आकडेवारी मागितली आणि मी बोलायला लागले, तर साहेबांनी थांबवलं. “एक मिनिट. हे इयत्ता चौथी ब, हजेरी क्रमांक सतरा कोण आहे?” मी हात वर केला. मीटिंगमध्ये हात वर करायची गरज नव्हती, पण तसं नाव लागलं की हात आपोआप जातो.

ही सगळी मिळून एक करता येतील का, असं मी कंपनीच्या मदतकक्षात विचारून पाहिलंय. उत्तर फार नम्र असतं. एकातून काढा, दुसऱ्यात भरा, पहिलं बंद करा. म्हणजे घर बदला. भांडीकुंडी आपली, ट्रक आपला, हमालीही आपलीच.

या सगळ्याचं मूळ म्हणे एका आखडत्या हाताच्या गोष्टीत आहे. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या एमआयटीत संगणक एक आणि वापरणारे पुष्कळ अशी अवस्था होती. फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या मंडळींनी सगळ्यांना एकाच यंत्रावर वेळ वाटून द्यायची पद्धत बसवली. मग प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला वाट्याचा वेळ पुरेना. त्याने सरळ सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली. १९६६ मध्ये त्याहून बहार झाली. रोज आल्यागेल्याला दाखवायचा संदेश आणि पासवर्डची यादी यांची अदलाबदल झाली आणि जो कुणी संगणकापुढे बसेल त्याला सगळ्यांचे पासवर्ड वाचायला मिळाले. म्हातारपणी, २०१४ साली, कॉर्बातोंनी एका वर्तमानपत्राला सांगितलं की हे पासवर्डचं प्रकरण आता दुःस्वप्न झालंय आणि आपल्याकडे त्यांची टाईप केलेली तीन पानी यादी होती. हे वाचल्यापासून मी आईला बोलणं सोडलंय. ती पासवर्ड कालनिर्णयवर लिहिते, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. डिसेंबर संपला की कॅलेंडर रद्दीत जातं आणि जानेवारीत आम्ही तिची सगळी खाती नव्याने उघडतो.

वाईला आमच्या आळीच्या तोंडाशी किराण्याचं दुकान होतं. गूळ, रॉकेल आणि अगरबत्ती यांचा मिळून एक वास. शेठ गादीवर, पुढ्यात लाल कापडी बांधणीची लांबोडकी वही. तिच्यात आमचं पान होतं, वर आजोबांचं नाव, नुसतं ‘अप्पा’. घरातल्या कुणीही जावं, सामान घ्यावं, शेठने त्या पानावर मांडावं. मला पिशवी हातात देऊन धाडत तेव्हा मी गल्ल्यापेक्षा फारशी उंच नव्हते. एकदा नव्या नोकराने अडवलं. “नाव काय तुझं?” मी माझं नाव सांगितलं. त्याला ते वहीत सापडेना. शेठनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “अरे, अप्पांची नात ती. दे साखर.” झालं.

आता हे फार गोड वाटतंय, म्हणून पुढचंही सांगते. त्या पानावर मी एकदा लिमलेटच्या गोळ्या घेतल्या, तर महिनाअखेरीला ते घरी कळलं. साखर जास्त गेली की आमच्याकडे पाहुणे आहेत हे शेठना कळायचं. खोबरेल कमी गेलं की आत्या सासरी परत गेली हेही. आळीतल्या कुठल्या पोरीचं लग्न ठरलंय हे तिच्या मामाच्या आधी दुकानात ठाऊक असायचं. कंपनीलाही यातलं सगळं कळत असणार, पण निदान ती आईला जाऊन सांगत नाही. अप्पा गेले तरी पानावर नाव त्यांचंच राहिलं. बदलायला हवं असं कुणाला सुचलंच नाही. आजी बारा वर्षं ‘अप्पा’ म्हणून डाळ-तांदूळ आणत होती.

माझी एक खोड आहे. नव्या ठिकाणी गेलं की पडदा विचारतो, ‘याच नावाने पुढे जायचं का?’ आणि खाली जांभळी दिसते. तिथे मी कधी ‘हो’ म्हणत नाही. सगळं पुन्हा अक्षर अक्षर लिहिते. वेळ जातो, मुलगी कपाळावर हात मारते, पण आपण कोण ते दुसऱ्याने आधीच ठरवून ठेवलेलं मला आवडत नाही. एकदा झालंय तेवढं पुरे.

मसाल्याची गोष्ट ऐकून मुलीने माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला. चार्जर लावून वीस मिनिटं धीर धरल्यावर तो सुरू झाला आणि त्यावर हिरवी अजून उघडीच होती. सगळ्यात वर माझंच पत्र: ‘मसाला आहे. चारच्या आत.’ खाली ‘परवानगी द्या’चं बटण. मसाला तोवर बरणीत गेला होता. मी दिली नाही. कशाला उगीच?

त्याखाली जाहिराती, त्याखाली आणखी जाहिराती, आणि बरंच खाली गेल्यावर बाबा. बाबा अख्खं पत्र विषयाच्या ओळीत लिहीत, इंग्रजी मोठ्या अक्षरांत मराठी. आत उघडलं की कोरं. ‘पोचलीस का कळव आईने लाडू पाठवले आहेत एसटीच्या पार्सलने पावती जपून ठेव.’ मुलीला तेवढं वाचायलाही जोर पडला. “आजोबा ओरडायचे का गं?” असं तिने विचारलं. नाही गं, मी म्हटलं, मोठी अक्षरं लहान कशी करायची ते त्यांना ठाऊक नव्हतं.

“आई, रविवारी बसून मी सगळं एकत्र करून देते,” ती म्हणाली. मी म्हटलं, बघू. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग या वयाची मुलं विचारतात तसं थेट विचारलं, “तू गेल्यावर यातलं कुठलं चालू ठेवायचं?”

हल्ली तशी सोय असते. फेसबुकने २०१५ मध्ये केली, ॲपलने २०२१ मध्ये. आपल्यामागे आपलं खातं कुणी बघायचं ते नाव आधीच नोंदवून ठेवता येतं. माझं पोस्टातलं बचत खातं, सोसायटीची जागा, सगळ्याला वारस लावून झालाय. हेच राहिलं होतं. जांभळीत तसं काही नाही, वीजबिलं आणि सोसायटीच्या नोटिसा. ती खुशाल बंद होऊ दे. पण ही हिरवी.

“हे ठेव,” मी म्हटलं. “कर, आत्ताच लाव. वारस म्हणून तुझा पत्ता टाक.”

तिने टाईप करायला हात पुढे नेला आणि थांबली.

“कुठला टाकू? माझेही तीन आहेत.”