आमाले काऊन नाही बोलावलं?

“भांडन आमच्या मोबाईलवर झालं, मंग बैठकीले आमाले काऊन नाही बोलावलं?”

पाराशी उभ्या पोरानं विचारलं आणि तंटामुक्त समितीची बैठक एकदम गप्प झाली.

वाद मिरवणुकीचा. मशिदीसमोर डीजे वाजवायचा की नाही, यावर कोणीतरी स्टेटस ठेवलं, कोणीतरी उलट उत्तर दिलं, स्क्रीनशॉट गावभर फिरले. समितीतल्या जाणत्यांनी ते पाहिलेसुद्धा नव्हते.

सरपंचांनी पोराला सतरंजीवर बसवलं. त्यानं सरळ दुसऱ्या बाजूच्या पोराला फोन लावला. दोघं एकाच कबड्डी संघातले. तो सोयाबीनवरची फवारणी टाकून तसाच आला, कपड्यांना औषधाचा वास. दोघांनी शेजारी बसून आपापले स्टेटस काढून टाकले, मग नमाजाच्या वेळा बघून मिरवणुकीची वेळ ठरवली. म्हाताऱ्यांनी दोन शंका काढल्या, मग मान डोलावली.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 2007 साली सुरू झाली, तेव्हा ही पोरं पाळण्यात होती. सरपंच, पोलीस पाटील, जुनी माणसं यांचा शब्द गावात चालतो, तो हवाच. पण अफवा आधी पोरांच्या हातात येते आणि तिथंच ती अडवता येते. सर्व धर्मांना मान देणारी सामुदायिक प्रार्थना तुकडोजी महाराजांनी याच विदर्भाच्या मुलखात रुजवली. तिचा वारसा फक्त म्हाताऱ्यांनीच का सांभाळायचा?

समितीची नावं ग्रामसभेत निघतील तेव्हा मी दोन्हीकडची पोरं सुचवणार आहे, पोरीसुद्धा.

तुमच्या गावच्या समितीत पंचविशीच्या आतलं कोणी आहे का?